दोनदा सोडायचं, तिसऱ्यांदा धरायचं

माझं काम काय, असं कोणी विचारलं की माझ्या आधी आई उत्तर देऊन टाकायची. "उष्टं गोळा करते," एवढं बोलून ती पोळ्या लाटायला मोकळी. विचारणाऱ्या बाईचं तोंड मग बघण्यासारखं व्हायचं. पोरगी एम.एस्सी. झाली, गुजरातेत संशोधनाच्या नोकरीला लागली, आणि ही माउली म्हणते उष्टं! मला अस्सा राग यायचा. पण जे मला लांबलचक अहवालात धड सांगता येत नव्हतं, ते आईनं दोन शब्दांत सांगितलं होतं, हेही खरंच.

सूर्यात जी आग आहे तशीच जमिनीवर एखाद्या यंत्रात पेटवायची, हे आमच्या तिथल्या लोकांचं स्वप्न. तिचं जळण म्हणजे हायड्रोजनचेच दोन वजनदार भाऊ, ड्युटेरियम आणि ट्रिटियम. आता अडचण बघा. यंत्रात जेवढं जळण सोडावं त्यातलं अगदी थोडं जळतं. बाकीचं तसंच बाहेर येतं, आणि येताना सोबत राख, वाफ, भिंतीवरून सुटलेलं काय काय घेऊन येतं. ट्रिटियम तर निसर्गात औषधापुरतंही हाती लागत नाही, शिवाय किरणोत्सारी, म्हणजे हवेत सोडून देण्याचीही सोय नाही. म्हणून बाहेर आलेलं सगळं ओढून घ्यायचं, गाळायचं, भावाभावांना वेगळं करायचं आणि पुन्हा यंत्राच्या तोंडी द्यायचं. गाळणी म्हणजे पॅलेडियम नावाच्या महाग धातूची नळी. ती तापवली की तिच्या भिंतीतून फक्त हायड्रोजन आणि त्याचे भाऊ पलीकडे जातात, बाकीचे अलीकडेच राहतात. आमच्याजवळ ते यंत्र नव्हतं आणि ट्रिटियमही नव्हतं. साधा हायड्रोजन आणि थोडंसं ड्युटेरियम घेऊन आम्ही नुसता हात बसवत होतो. लग्नाचा पत्ता नाही आणि पंगतीची तयारी जोरात, असं ते काम.

पण वायू कसा धरायचा हे मी तिथं नाही शिकले. ते शिकले भिलाईत, बाबांजवळ.

बाबा मूळचे वर्ध्याकडचे. पोलादाचा प्लांट नवा होता तेव्हा आले आणि कोक ओव्हनच्या प्रयोगशाळेत लागले ते रिटायर होईपर्यंत तिथंच. बंद भट्टीत कोळसा भाजला की खाली कोक राहतो आणि वर गॅस सुटतो. तो गॅस तपासायचा, हे त्यांचं काम. गॅस कशात आणायचा? तर फुटबॉलच्या ब्लॅडरमध्ये. हसू नका, खरंच फुटबॉलचा रबरी ब्लॅडर. भट्टीवरच्या पाइपाला तो लावायचा, फुगला की दोऱ्यानं तोंड आवळायचं, पुठ्ठ्याची चिठ्ठी अडकवायची. चिठ्ठीवर जागा, वेळ, सही, आणि खाली 'निकाल' लिहून पुढे रिकामी ओळ. मग सायकलच्या हँडलला लटकवून जोरात पायडल मारत प्रयोगशाळेत. कारण त्या गॅसमध्ये अर्ध्याच्या वर हायड्रोजन, आणि हायड्रोजन रबरातूनही पळून जातो.

"लय चालू माणूस आहे तो," बाबा म्हणायचे. "दार बंद करा, खिडकी बंद करा, भिंतीतून निंगून जाते."

विश्वकर्मा पूजेच्या दिवशी घरच्या लोकांना प्लांट बघू द्यायचे. मशिनींना हार, बुंदीचा प्रसाद, बायका नव्या साड्या नेसून भट्ट्यांची धग बघायला. मी आठवीत होते. बाबांनी मला प्रयोगशाळेत नेलं आणि त्यांच्या टेबलाजवळ उभं केलं. काचेची एक उभी मापनळी, ब्युरेट. तिला खालून रबरी नळीनं जोडलेली मिठाच्या पाण्याची बाटली. बाटली खाली नेली की ब्युरेटमधलं पाणी उतरतं आणि ब्लॅडरमधला गॅस आत ओढला जातो. वरची चावी फिरवून बाटली उचलली की पाणी चढतं आणि गॅस बाहेर ढकलला जातो. एवढंच. मला तर ती जादू वाटली.

"कर तू," बाबा म्हणाले.

मी बाटली खाली केली, गॅस ओढला, आणि ऐटीत त्यांच्याकडे पाहिलं.

"हा गॅस कोणाचा?" त्यांनी विचारलं.

"ब्लॅडरातला."

"भैताड! अर्धा सकाळच्या नमुन्याचा आहे. पाह्य, नळी विसरत नाही. कितीबी बाहेर ढकल, चावीच्या कोपऱ्यात, बारीक नळीत आधीचं थोडंसं राह्यतेच. म्हणून आपला गॅस ओढायचा आणि सोडून द्यायचा. पुन्हा ओढायचा, पुन्हा सोडून द्यायचा. नळी धुतली जाते. मंग जो ओढशीन तो आपला. दोनदा सोडायचं, तिसऱ्यांदा धरायचं. काय?"

"दोनदा सोडायचं, तिसऱ्यांदा धरायचं."

"आणि नळीवर वाचन जे येईन ते लिहायचं. साहेबाले पायजे ते नाही."

त्यांच्यासोबत एक काका काम करायचे, अहिवाऱ्याकडच्या खेड्यातले, छत्तीसगढीत बोलणारे. त्यांनी माझ्याकडून तो प्रकार त्या दिवशी दहादा तरी करून घेतला असेल. माझे दोन्ही दंड दुखायला लागले. शेवटी शेवटी हात आपोआप चालायला लागला. चावी, बाटली खाली, चावी, बाटली वर. पुन्हा. मग तिसरा.

घरी तर त्या वाक्याचा छळ होता. नळाला सकाळी गढूळ पाणी आलं, दोनदा सोड, तिसऱ्यांदा भर. पेनात शाई भरायची, दोनदा सोड. आई वैतागायची. "मंग भाजीबी दोनदा फेकून देऊ का, अन् तिसऱ्यांदा वाढू?" बाबा म्हणायचे, "तुह्या हातची असन तं हरकत नाही." मग अर्धा दिवस अबोला. दोघांचं असंच चालायचं.

पुढं मी नागपूरला शिकायला गेले आणि तिथून गुजरातेत. सुटीत क्वार्टरवर आले की बाबा अंगणात खुर्ची टाकून माझी उलटतपासणी घ्यायचे. पॅलेडियमची नळी त्यांना फार आवडली. "म्हंजे बाकी समदे गॅस मोजून झाल्यावर आमी ज्याले सगळ्यात शेवटी पकडत होतो, तो तुह्या नळीत सगळ्यात आधी?" असं म्हणून ते स्वतःशीच हसत राहिले. मग त्यांनी विचारलं, "पण समदा पकडला जाते का?"

"जवळपास सगळा. जे पाण्यात, मिथेनमध्ये अडकून बसते ते तापल्या धातूवर फोडून पुन्हा काढतो. सुटते ते जवळजवळ शून्य."

"जवळजवळ शून्य म्हंजे शून्य नाही, पोट्टे."

"बाबा, मोजताच येत नाही इतकं कमी."

"मोजता येत नाही म्हंजे नाही, असं कोणत्या सायन्सात लिहून आहे?"

मी चिडले. एवढी शिकून आलेली मी, आणि हे ब्लॅडरवाले मला शिकवून राहिले! उठून घरात गेले. आज वाटतं, बसायचं होतं गं बाई आणखी थोडा वेळ. कुठं गाडी सुटून चालली होती?

रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं. दुर्गला पद्मनाभपुरात बाबांनी दोन खोल्या बांधून ठेवल्या होत्या, तिथं दोघं राहायला गेले. प्रयोगशाळेतून त्यांनी एकच वस्तू सोबत आणली. बाद केलेला, रंग उडालेला एक ब्लॅडर. आई म्हणाली, "लोक घड्याळ आणतात, शाल आणतात. आमच्याकडं रबर आलं."

दोन वर्षांत त्यांचा दम वाढला. जिना नको, चढ नको, बोलता बोलता थांबायचे. डॉक्टरांनी औषधं दिली आणि वर सांगितलं, रोज फुगे फुगवा, छातीला व्यायाम होतो. आईनं भिलाईच्या कॅम्प-१ च्या बाजारातून फुग्यांचं पाकीट आणलं. ते फुगे फटाफट फुटायचे आणि आई प्रत्येक वेळी दचकायची. मग बाबांनी ब्लॅडर काढला, धुतला, आणि रोज सकाळी खाटेवर बसून फुगवायला लागले. अर्धा फुगायचा, कधी पाऊण. फुगवून झाला की मुद्दाम आईच्या देवपूजेकडे तोंड करून सोडून द्यायचे. पर्रर्र असा आवाज व्हायचा. "शरम नाही वाटत, देवापुढं!" आई ओरडायची. हे मला दोघांच्याही पत्रांतून कळायचं, दोघांच्याही बाजूनं.

त्या हिवाळ्यात मी घरी जाणार होते. पण आमच्याकडे ड्युटेरियमची एक चाचणी लांबली आणि मी कळवलं, पंधरा दिवसांनी येते. पंधरा दिवसांचं काय एवढं, असं वाटलं मला. सातव्या दिवशी शेजाऱ्यांकडून फोन आला. सकाळी व्यायाम झाला, चहा झाला, पेपर वाचता वाचता मान कलली.

गाडी एक अख्खा दिवस आणि वर काही तास घेते. मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. थांबा म्हणायला माझ्याजवळ तोंड नव्हतं आणि थांबवणार तरी किती. मी बाबांना पाहिलंच नाही. हे मी अजूनही कोणाला सहज सांगू शकत नाही.

घरात शिरले तेव्हा आई भिंतीला टेकून बसली होती. रडून रडून तिचा आवाज गेलेला. तिनं मला जवळ घेतलं नाही. हात धरून सरळ मागच्या खोलीत नेलं. खाटेच्या कोपऱ्याला ब्लॅडर लटकत होता. टम्म फुगलेला. तोंड दोऱ्यानं आवळलेलं, गाठ तीच, प्लांटातली. आणि त्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी.

जागा: पद्मनाभपूर. वेळ: सकाळी सात. सही. निकाल: पुढे रिकामं.

"त्या दिवशी पुरा फुगवला," आई म्हणाली. "पयल्यांदा. मले म्हणे, पाह्य. मी म्हटलं, सोडा आता, करा तुमचा तमाशा. तं म्हणे, नाही, आज नाही सोडत. पोट्टी येऊन राहिली, तिले दाखवतो. म्हणे, लिही म्हणा निकाल."

मी खाली बसले. तिथंच, फरशीवर.

त्या खाटेवर मग कोणी बसेना. आलेगेले बाहेरच्या खोलीत, आणि आई मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी. कोणी लेकरू आत जाऊ लागलं की खसकन ओढायची. रोज सकाळी दिवा लावला की ब्लॅडरला नुसता हात लावून यायची. पण रबर ते रबर. चौथ्या-पाचव्या दिवशी तो मऊ पडला. आठव्या दिवशी सुरकुत्या आल्या. आईला ते माझ्याआधी कळलं.

"कमी होऊन राहिला," ती म्हणाली.

"होईनच ना आई. रबर आहे."

"मंग काही कर."

"काय करू?"

"मले काय विचारते? तुले येते ते."

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तेरवी झाली, पाहुणे गेले, घर रिकामं झालं, आणि तेव्हा तिनं मला पकडलंच. ब्लॅडर अर्ध्याहूनही कमी राहिला होता, लोंबत होता. ती रोज माझ्यासमोर उभी राहायची, नुसती उभी. माझं डोकंच फिरलं. मी बोलून गेले, "आई, हवा आहे वं ती! नुसती हवा!"

आई अगदी हळू म्हणाली, "हवा? मंग तू इतके वर्सं तिकडं काय धरून राहिली?"

त्या क्षणी मला स्वतःचीच लाज वाटली, आणि दुसरंही एक वाटलं. मलाही बाबांचा तो श्वास हवा होता. तिच्याइतकाच. बाबांचा चेहरा नाही मिळाला, हात नाही मिळाला, निदान एवढं तरी. फक्त मी शिकलेली, म्हणून मला ते बोलून दाखवता येत नव्हतं.

मार्ग सोपा होता. काच वायूला धरून ठेवते. काचेचा एक लहान फुगा घ्यायचा, त्यात वायू भरायचा, आणि त्याचं बारीक तोंड ज्योतीवर वितळवून बंद करून टाकायचं. मग तो तसाच राहील, आई असेपर्यंत, मी असेपर्यंत, नंतरही. असे फुगे आणि ज्योत, दोन्ही बाबांच्या प्रयोगशाळेत होती. ब्लॅडर सैल पडलेला, त्याच्यात स्वतःहून वायू ढकलायची ताकद उरली नव्हती. पण ब्युरेटनं तो ओढून घेता आला असता आणि ब्युरेटमधून फुग्यात ढकलता आला असता. मी आईला हे सगळं समजावून सांगितलं. ती मन लावून ऐकत होती. किती दिवसांनी तिनं त्या दिवशी जेवणात मीठ बरोबर टाकलं.

"देवाजवळ ठेवीन," ती म्हणाली. "देवाले तोंड करून आवाज करत होते ना, राहू दे आता तिथंच."

काकांनी माझ्यासाठी गेट पास काढून ठेवला. तेही आता रिटायरमेंटला टेकले होते. मी ब्लॅडर पदराआड छातीशी धरून टेम्पोत बसले. सोबतची एक बाई म्हणाली, लेकरू झोपलं का? मी हो म्हटलं.

प्रयोगशाळा तशीच. तोच अमोनियाचा वास, तेच टेबल, ब्युरेटच्या बाटलीला बांधलेली दोरीसुद्धा तीच असावी. काकांनी फुगा धुऊन, आत दुसरी हवा राहू नये म्हणून मिठाच्या पाण्यानं भरून ठेवला होता. ते म्हणाले, "मैं कर देता हूँ बेटी." मी म्हटलं, "नाही काका, मीच करते." बाबांचा नमुना होता. मीच करायला पाहिजे होता.

मी ब्लॅडर चावीला जोडला. दोरा सोडला. अंदाज घेतला, जेमतेम दोन ब्युरेट भरतील एवढा उरला होता. भरपूर झाला, फुगा लहानच होता. काका बाजूला उभे राहून बाबांची आठवण सांगायला लागले. एकदा मोठ्या साहेबांनी निकाल बदलून लिहायला सांगितला तर बाबांनी पेन साहेबांच्या हातात दिलं आणि म्हणाले, तुमीच लिहा, सहीबी तुमीच करा. मला ते माहीत होतं, तरी मी ऐकत होते. हसूही आलं. कितीतरी दिवसांनी कोणी बाबांबद्दल रडल्याशिवाय बोलत होतं. हात चालत होता. चावी, बाटली खाली, चावी, बाटली वर. पुन्हा. चावी, बाटली खाली. चावी, बाटली वर.

"एकदम तोर बाबू के हाथ हे, बेटी," काका कौतुकानं म्हणाले, अगदी तुझ्या बाबांचाच हात.

तिसऱ्यांदा बाटली खाली केली. पाणी हललं नाही. ब्लॅडर चावीला चिकटून कागदासारखा चपटा झाला होता.

मला आधी कळेचना. मी बाटली आणखी खाली केली, पार जमिनीपर्यंत. मग कळलं. दोनदा सोडायचं. मी दोनदा सोडून दिलं होतं. माझ्या हातानं, त्यांनीच बसवलेल्या हातानं, प्रयोगशाळेच्या हवेत.

काकांचाही चेहरा उतरला. ते पन्नास वेळा समोर उभे राहून हे बघत आलेले, त्यांनाही टोकावंसं वाटलं नाही. कसं वाटणार? सगळं बरोबर चाललं होतं. परक्या माणसाकडून ही चूक झालीच नसती. तो गॅस ओढून सरळ फुग्यात भरून मोकळा झाला असता. ही चूक करायला बाबांचीच पोरगी पाहिजे होती.

मी रडले नाही. रडायलाही सुचायला लागतं. तेवढ्यात शिफ्टचा माणूस भट्टीवरून नमुने घेऊन आला, फुगलेले दोन ब्लॅडर, चिठ्ठ्या लटकलेल्या. हायड्रोजन थांबत नाही, घाई असते. काका माझ्याकडे बघून अवघडून म्हणाले, "बेटी, ब्युरेट ले लूँ?"

"ले लो," मी म्हटलं. "आता काय राहिलं त्यात."

मी बाजूला झाले. रिकामा ब्लॅडर गुंडाळून पिशवीत टाकला. मागं बाटलीचा आवाज येत होता, खाली, वर, खाली, वर. काका भट्टीच्या गॅसनं नळी धूत होते, दोनदा, नियमाप्रमाणे. मी गेटकडे चालायला लागले.

घरी आई दारातच उभी. देवघरात तिनं जागा करून ठेवली होती, एका वाटीत तांदूळ घालून, फुगा कलंडू नये म्हणून. माझे हात रिकामे बघून तिला काहीतरी समजलं, पण ती विचारेना. मी तिला बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. काही लपवलं नाही. कसं केलं, कितीदा केलं, का केलं. पिशवीतून ब्लॅडर काढून तिच्या मांडीवर ठेवला.

मला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ब्लॅडरवरून हात फिरवत राहिली, सुरकुत्या सरळ करत राहिली. मग तिनं मान वर केली आणि तिच्या डोळ्यांत मला एकदम काहीतरी चमकलेलं दिसलं.

"काय वं," ती म्हणाली, "तुहे बाबा तं म्हणत, नळी विसरत नाही. कितीबी सोडा, थोडंसं राह्यतेच. मंग तिथं राहिला असन ना? त्या नळीत?"

राहिला होता. चावीच्या कोपऱ्यात, बारीक नळीत, थेंबभर. चावी बंद करून ती नळीच काढून आणता आली असती, काकांनी हसत दिली असती. राहिलेलं, न दिसणारं, मोजता न येणारं, तेच धरायचा मी पगार घेते. आणि मला ते सुचलं नाही. सुचलं ते माझ्या चौथी शिकलेल्या आईला. आणि तोवर मी 'ले लो' म्हणून आले होते. त्या नळीतून भट्टीचा गॅस दोनदा फिरून गेला होता.

आई वाट बघत होती.

"हो आई," मी म्हटलं. "राह्यते. तिथंच आहे."

तिनं मोठा श्वास सोडला. "मंग राहू दे," ती म्हणाली. "काढू नको. त्याईचीच जागा आहे ते." आणि उठून तिनं वाटीतले तांदूळ डब्यात परत टाकले, चुलीवर भात चढवला.

चिठ्ठी तिनं मला देऊन टाकली. ती माझ्याजवळ आहे, गुजरातेतल्या टेबलाच्या खणात. 'निकाल'पुढची ओळ अजून रिकामीच आहे. बाबा म्हणायचे, वाचन जे येईल ते लिहायचं. मी एकदाच खोटं वाचन दिलं, ते तोंडी, आणि ते कुठं लिहायचं मला कळत नाही.

मी सुटीत आले की आम्ही दोघी कधी भिलाईला जातो. टेम्पो प्लांटच्या भिंतीजवळून जायला लागला की आई डोक्यावर पदर घेते, कोक ओव्हनच्या धुरांड्यांकडे तोंड करते आणि हात जोडते. टेम्पोतले लोक तिच्याकडे बघतात. मग ती मला कोपरानं ढोसते.

"जोड ना तूबी."

मी जोडते.